शंभर फुटांचा आपला वाद

भाऊ, सोमवारी कांतिशेठ येऊन गेले. तेरावा झाल्यावर घरातली माणसं पांगली होती. वहिनी आणि मी, दोघीच समोरासमोर बसून चहा प्यायची अजून सवय व्हायची होती, तेवढ्यात ते आले. तुझ्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. मग खुर्ची पुढे केली तरी खाली सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "ताई, एक मागणं आहे. नाही म्हणायच्या आधी पूर्ण ऐकून घ्या."

मागणं असं, की तू काढलेले शंभर फुटी रोलर कोस्टरचे नकाशे त्यांना हवे आहेत. पारोळ्याच्या रस्त्यावरच्या त्यांच्या बागेत तो आता बांधायचाच असं त्यांनी ठरवलं आहे. पुण्याचा एक तरुण इंजिनिअर तयार आहे. वर तुझं नाव राहील, हायवेवरच्या एसटीतूनसुद्धा वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. "भाऊसाहेबांचं स्वप्न होतं ते," शेठ म्हणाले. "त्यांच्या हयातीत राहून गेलं. आता आपण पुरं करू."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. "मला त्यातलं काही कळत नाही, ताई. त्याच्यावरून भांडायचात तुम्ही दोघं. तुम्हीच काय ते सांगा."

मी शेठजींना आठवडाभर थांबायला सांगितलं. म्हणून हे लिहिते आहे. एरवी मी धीर केला नसता. दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळण्यात ज्या बाईचा जन्म गेला, तिला स्वतः लिहायचं म्हटलं की हात आखडतो. पण हा प्रश्न आणखी कुणाला विचारू? शंभर फुटांसाठी तुझ्याशी भांडणारी मी एकटीच होते. आता नकाशे माझ्या हातात आहेत आणि अडवायला तू नाहीस.

बाकीचे लोक क्रिकेटचा स्कोअर विचारायचे, आपण दोघं भाऊबहीण जगातल्या रोलर कोस्टरांवर डोळा ठेवून असायचो. कुणाला सांगितलं तर हसतील. धुळ्याला आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात परदेशी मासिकांचे जुने गठ्ठे देणगी म्हणून यायचे. कुणाला नको असलेली, दोन-दोन वर्षांची शिळी मासिकं. मी ती नोंदवायला घ्यायच्या आधी त्यातली तुझी पानं शोधून काढायची. मग संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून तुला जळगावला फोन.

"भाऊ, अमेरिकेत एका तळ्याकाठी बांधलाय. दोनशे फुटांच्या वर गेले."

"चाकं कसली आहेत?"

कधी वा म्हणून म्हटलं नाहीस. मी उंची सांगायची आणि तू चाकं विचारायचास, असं तीन-चारदा झाल्यावर मी चाकांचं आधी वाचून ठेवायला लागले. रुळाच्या वर एक चाक, बाजूला एक आणि खाली एक, म्हणजे गाडीनं रूळ तिन्ही अंगांनी धरलेला; ती उलटी झाली तरी सुटणार नाही. हे मला तूच समजावलंस, पण नंतर मी ते इतक्या सराईतपणे बोलायचे, की बूथवाल्यानं एकदा विचारलं, "ताई, अमेरिकेत कोण इंजिनिअर आहे तुमचं?"

आपल्यापर्यंत पोचेतो विक्रम बहुधा मोडलेलाच असायचा. एकदा तर एकाच गठ्ठ्यात विक्रमाची बातमीही निघाली आणि तो जपान्यांनी मोडल्याचीही. तुला फोनवर सांगितलं तर तू इतका हसलास, की तुझ्यामागून वहिनी विचारत होती, काय झालं, काय झालं.

भुसावळला रेल्वेत तुझं काम वळणांचं. रोज सकाळी जळगावहून शटलनं जायचास, आणि त्या शटलच्या खिडकीत बसूनही तू वळणच मोजत असणार. रुळाला दोरी ताणून लावायची, मधोमध दोरी आणि रूळ यांच्यात किती अंतर पडतं ते पाहायचं, की वळण बरोबर आहे की बिघडलं ते समजतं. ही दोरी तू घरीही काही सोडली नाहीस. एका रविवारी स्वयंपाकघरात येऊन वहिनीच्या परातीच्या काठाला दोरी लावून बसलास, आणि मला म्हणालास, "बघ. परातीचा काठ सगळीकडे सारखा वाकलेला आहे. आता समज, तू सरळ रुळावरून येतेस आणि एकदम या काठावर चढतेस. काय होईल?"

"आदळेन."

"मानेला हिसका बसेल. पूर्वी पाश्चात्त्यांनी असे पूर्ण गोल वेढे उभे बांधले होते, गाडी आत उलटी होऊन जायची. माणसांच्या माना आखडल्या, आणि कितीतरी वर्षं कुणी वेढ्याच्या वाटेला गेलं नाही. मग कुणाला तरी सुचलं, की वेढा गोल नकोच. आरंभी वळण नुसतं सुचवायचं, मग थोडं थोडं आवळायचं, सगळ्यात घट्ट माथ्यावर. पाण्याचा थेंब उलटा धरावा तसा आकार. आणि गंमत सांगू? आगगाडीचं प्रत्येक वळण आम्ही असंच सुरू करतो. भुसावळच्या यार्डातलं वळण उचलून उभं केलं, की झाला त्यांचा वेढा."

"परात द्या आता," वहिनी म्हणाली. "कणीक मळायचीय. वेढे नंतर घाला."

आपल्या घरात तुझ्या बुद्धीचं कौतुक असं व्हायचं.

आखाजीचं आठवतं. आपल्या खानदेशात लेकी माहेरी येतात त्या दिवाळीपेक्षा आखाजीला, अक्षय तृतीयेला. अंगण माणसांनी भरतं, निंबाच्या फांदीला झोका बांधला जातो, आणि एरवी पदर सावरून चालणाऱ्या बायका आडव्या फांदीला पाय लागेस्तोवर झोका चढवतात. मी धुळ्याहून एरंडोलच्या आपल्या गावी यायची, तू जळगावहून. माझी चाळिशी उलटलेली, मुलं हायस्कुलात. त्या वर्षी तू पिशवीतून एक स्प्रिंगचा काटा काढलास, त्याच्या आकड्याला एक किलोचं वजन अडकवलंस आणि झोक्यावर बसलेल्या माझ्या हातात दिलास. म्हणालास, "मी सांगेन तेव्हा वाचायचं, मोठ्यानं."

आणि झोका दिलास.

"वाच!"

"पावणेदोन!"

"वर गेल्यावर?"

"अर्धा! भाऊ, अर्धाच किलो दाखवतोय!"

"पुन्हा! खालचा पुन्हा सांग!"

पलीकडे मोठी काकू पापड वाळत घालत होती. ती उठून आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय करी ऱ्हायना रे भो? बहीणले तोली ऱ्हायना का?" भाऊ बहिणीला तोलतोय म्हणून सगळ्या बायका हसायला लागल्या. तुझं लक्षच नव्हतं. तू झोका थांबवलास आणि मला हळूच विचारलंस, "पोटात गोळा कुठे आला? एकदम वर, की वरून खाली निघताना?"

"वर. थांबल्यासारखं होतं ना, तिथं."

"म्हणजे काटा अर्ध्यावर होता तेव्हा." मग तू काकूकडे वळलास. "काकू, पोटाला उंची कळत नाही. वजन कमीजास्त झालेलं कळतं."

काकू म्हणाली, "माले त्ये बठ्ठं पैलेच माहीत शे. तू आते शिकना का?" आणि तुला बाजूला सारून स्वतः झोक्यावर चढली. सत्तरीची बाई, तिला सगळं आधीच ठाऊक. तू काटा तिच्या हातात द्यायला गेलास तर तिनं तो परत तुझ्याच हातात ठेवला.

मोठा रोलर कोस्टर तू आयुष्यात एकदाच पाहिलास. मुंबईला लग्नाला गेलो होतो, त्याला जोडून आपण तिथल्या नव्या करमणुकीच्या बागेत गेलो. तू आधी पुढच्या डब्यात बसलास, मग मधल्या, मग शेवटच्या. मी खाली तुझा चष्मा सांभाळत उभी. उतरलास ते केस उभे, चेहरा लहान मुलासारखा. "शेवटच्या डब्यात सगळ्यात जोराचं," तू म्हणालास. "पुढचे डबे उतारावर गेलेले असतात, ते त्याला माथ्यावरून ओढतात. त्याला सावरायला वेळच मिळत नाही." मग मला हाताला धरून नेलंस आणि मधल्या डब्यात बसवलंस. हे मला गेल्या काही दिवसांत फार आठवलं. तू गेल्यावर आम्ही मागचे कसे ओढले गेलो, ते तुला सांगायला हवं होतं. तुला त्यातलं कारण बरोबर समजलं असतं.

आता कांतिशेठ. तू निवृत्त झालास आणि महिन्याभरात ते दारात. घराणं राजस्थानातलं, पण चार पिढ्या खानदेशात, बोलायला आपल्यापेक्षा शुद्ध. तेलाच्या गिरण्या मुलांवर सोपवून त्यांना बाग काढायची होती. सावली, कारंजं, मुलांना पाळणे. कुणीतरी त्यांना सांगितलं, की जळगावात एक रेल्वेतला माणूस आहे, त्याला असल्या गाड्यांचं वेड आहे. म्हणाले, "भाऊसाहेब, भारतात सगळ्यात उंच करा. शंभर फूट. लोखंड मी देतो."

त्या वर्षी तू दहा वर्षांनी तरुण झालास. पुढच्या खोलीत मोठं टेबल आलं. मी रजा काढून आले की टेबलाच्या एका टोकाला तू आणि दुसऱ्या टोकाला माझी मासिकं. तू मला विचारायचास, मी शोधून वाचून दाखवायची, अडलेल्या शब्दावर दोघं मिळून अडायचो. शंभर फुटांचा चढ, त्यावर साखळी, माथ्यावरून सुटलेली गाडी, एक वेढा, तीन उंचवटे, शेवटी ब्रेक. ती रेघ तू काढलीस तेव्हा मी शेजारी बसले होते. एका दमात काढलीस. मला वाटलं, पस्तीस वर्षं दुसऱ्यांची वळणं दुरुस्त करणाऱ्या माणसाला शेवटी स्वतःचं वळण मिळालं.

मग तू औद्योगिक वसाहतीत फिरायला लागलास. जळगावात पाइप वाकवणारे कमी नाहीत. पाण्याचे, गिरण्यांचे, कसलेही पाइप वाकवतात. पण तुला पाइप एकाच वेळी खाली वाकलेला, बाजूला वळलेला आणि पिळलेला हवा होता. एका कारखान्यानं मनापासून प्रयत्न करून एक नमुना दिला. आपण सगळे बघायला गेलो. माझ्या डोळ्यांना तो सुंदर दिसला. तू खिशातून दोरी काढलीस, ताणून लावलीस, मोजलंस, वीतभर पुढे सरकवलीस, पुन्हा मोजलंस. पाइपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलास आणि दोरी गुंडाळून खिशात ठेवलीस. कारखानदाराला म्हणालास, "काम चांगलं केलंत." तुझ्या आवाजावरून मला समजलं, की संपलं.

भाऊबीज होती, मी जळगावातच होते, म्हणून शेठजींच्या पेढीवर तुझ्याबरोबर आले. ते गादीवर बसलेले, भिंतीला टेकवून ठेवलेला एक लांबलचक बोर्ड.

"बघा, भाऊसाहेब. पेंटरनं रंगवून आणला. भारतातील सर्वात उंच."

"पुसायला सांगा."

"अं?"

"शेठजी, उंच नाही होणार. मी लहान करून देतो. तीस फूट. त्यात वेढा नसेल."

"तीस फूट तर माझ्या गोदामाची भिंत आहे!"

"हो. तेवढाच."

"मग बोर्डावर लिहू काय? गोदामाएवढा?"

तू हसलास. ते नाही हसले. पण रागावलेही नाहीत, हे त्यांचं मोठेपण. मी रागावले. रिक्षात बसल्या बसल्या सुरू केलं.

"घाबरलास तू."

"हो."

"हो म्हणतोस?"

"घाबरलोच. पस्तीस वर्षं मला घाबरण्याचाच पगार मिळाला, कुमे. गाडीत झोपलेल्या माणसाला वळणाची भीती वाटत नाही, कारण त्याच्या वाटची दुसऱ्या कुणीतरी बाळगलेली असते."

"पण सगळं गणित बरोबर आहे तुझं. मी पाहिलंय. पाइप मुंबईहून आण, परदेशातून आण. तिकडचे लोक करतात की! त्यांना काय चार हात असतात?"

रिक्षा रेल्वे फाटकाशी थांबली होती. मग म्हणालास, "त्यांचे विक्रम आपण इतकी वर्षं वाचले. प्रत्येक विक्रमाच्या खाली शंभर वर्षांच्या चुका आहेत. कुणी गोल वेढा केला, कुणाची साखळी तुटली, कुणाचा ब्रेक लागला नाही. त्या चुकांवर ते उभे आहेत. आपल्याकडे एकही चूक नाही. मग त्या आपण करायच्या कुणावर? रविवारी एरंडोलहून पोरंबाळं घेऊन आलेल्या माणसांवर?"

मी म्हटलं, हे बोलायला छान आहे. तू म्हणालास, नाही, ऐकायलाही वाईट आहे. फाटक उघडलं. घरी आल्यावर वहिनीनं दोघांना ताटं वाढली आणि आपण समोरासमोर बसून न बोलता जेवलो.

तीस फुटी रोलर कोस्टर तू ज्या जिव्हाळ्यानं बांधलास, तो मला तेव्हा हट्ट वाटायचा. उंची नाही, मग उंचवटे तरी असे घडवायचे, की प्रत्येक माथ्यावर माणूस क्षणभर हलका होईल. वर फेकलेला दगड ज्या वाटेनं खाली येतो तोच आकार तू त्या उंचवट्यांना दिलास. आणि गाडी तयार झाल्यावरही तू त्यात माणूस बसू देईनास. वाळूनं भरलेल्या गोण्या, प्रत्येक खुर्चीत एक, पट्टा बांधून. पुढच्या वर्षी पौषात सुरू केलंस. गाडी चढायची, सुटायची, तीन वेळा उसळायची आणि फलाटाशी येऊन अलगद थांबायची. तू घड्याळ बघून मान हलवायचास. पुन्हा. शेठजी रोज संध्याकाळी येऊन झाडाखाली उभे राहायचे.

"भाऊसाहेब, या गोण्यांना अजून किती दिवस फुकट फिरवणार? त्यांना आता तोंडपाठ झालं असेल!"

"एक उन्हाळा जाऊ द्या."

"उन्हाळा? थंडीत चालते ती उन्हाळ्यात चालणार नाही का?"

मीसुद्धा शेठजींच्या बाजूनं होते. शाळांना सुट्ट्या लागतील, बाग भरेल, आणि हा माणूस गोण्या फिरवत बसलाय.

वैशाखातली ती दुपार. जळगावचं ऊन काय असतं ते बाहेरच्याला सांगून समजत नाही. लोखंडी कठड्याला हात लागला तर चटका बसतो, आणि रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. तू डोक्याला ओला पंचा बांधून फलाटाच्या टोकाला, जाळीच्या बाहेर. आम्हाला कुणालाही फलाटावर उभं राहू द्यायचा नाहीस, त्या दिवशीही नाही दिलंस. गाडी सुटली. दुसऱ्या उंचवट्यावरच मला आवाज निराळा वाटला. तिसऱ्यावरून ती उतरली ती फलाटाशी आली आणि थांबलीच नाही. ब्रेक घासत, किंचाळत सरळ पुढे गेली, चढाच्या पायथ्याशी शिरली आणि साखळीच्या दात्यांत अडकून धाडकन थांबली. पुढच्या दोन गोण्या पट्ट्यांतून निसटून फाटल्या. वाळू पार माझ्या पायापर्यंत आली.

पहिल्या खुर्चीचा पट्टा नुसता लोंबत होता.

तू खाली उकिडवा बसलास आणि चाकाला हात लावून पटकन मागे घेतलास. मग माझ्याकडे पाहिलंस. "वंगण पातळ झालं. चाकं मोकळी धावली, गाडी वेगानं आली. आणि ब्रेक तापून धरेनासे झाले. मासिकांतले सगळे आकडे थंड मुलखातले होते, कुमे. आपण दोघांनी मिळून वाचले, आणि दोघांच्याही लक्षात आलं नाही."

खानदेशात जन्म काढलेली दोन माणसं, आणि गणितात ऊन धरायचं विसरली. तीस फुटांवर हे झालं. शंभर फुटांवरून ती गाडी कुठे गेली असती, ते तू बोलला नाहीस आणि मी विचारलं नाही. शेठजींनी स्वतः झाडू आणवला आणि वाळू गोळा करायला लागले.

तू ब्रेक दुप्पट केलेस, एकामागे एक. गाडी आधीच मंदावेल अशी जागा केलीस. आणि नियम घातलास, की उन्हाळ्यात बारानंतर गाडी बंद. आणखी एक पावसाळा गोण्या फिरल्या, मग माणसं बसली. एरंडोलच्या आपल्या गावातून ट्रॅक्टर भरून बायका आल्या होत्या. मी तिसऱ्या डब्यात होते. पहिल्या उंचवट्यावर उसळलो तेव्हा सगळ्यांनी एकदम आई गं केलं आणि लगेच हसू फुटलं. रोलर कोस्टरच्या रुळावरून एवढं साधं, घरगुती हसू ऐकू येईल असं मला वाटलं नव्हतं. उतरल्यावर तू विचारलंस, "कसं झालं?" मी म्हटलं, "फार छान. आता शंभरचा कर."

"अगं!"

"आता ऊन कळलंय की आपल्याला."

"एक चूक झाली आपली. अजून नव्व्याण्णव बाकी आहेत."

तेव्हापासून हा आपला वाद आखाजीला, दिवाळीला, फोनवर, कधीही सुरू व्हायचा. कुणी चिडायचं नाही. मी नवा विक्रम सांगायची. जपानात असा झाला, आता तर चुंबकाच्या जोरावर गाडी सोडतात, ताशी शंभर मैल गाठले. तू चाकं विचारायचास. आणि शेवटी मी म्हणायची, "नकाशे टाकले नाहीस ना?" "नाही. आहेत."

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तू बरा होतोस असं आम्हाला वाटलं. त्या दुपारी वहिनी घरी गेली होती, मी मोसंबं सोलत होते. तुला बोलायला बंदी होती, म्हणून मीच बोलत होते, आणि बोलता बोलता विचारून गेले. "भाऊ, खरं सांग. तुला कधी वाटलंच नाही, की जाऊ दे, बांधूनच टाकू?"

तू डोळे मिटलेलेच ठेवलेस.

"रोज," म्हणालास.

मला पुढचं विचारायचं होतं. रोज वाटायचं, तर रोज काय करायचास त्या वाटण्याचं? बागेत जायचास, ती तीस फुटी गाडी बघत झाडाखाली बसायचास, तेव्हा डोळ्यांपुढे कुठली गाडी धावत असायची? पण नर्स आली, मला बाहेर जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुला बोलवत नव्हतं. मोसंब्याच्या दोन फोडी तेवढ्या तू खाल्ल्यास.

आठवडाभर मी नकाशे टेबलावर उघडून बसले. तुझी ती एका दमात काढलेली रेघ अजून तशीच आहे, ताजी. मनात कितीदा आलं, देऊन टाकावेत. त्या पुण्याच्या मुलाला मी भेटले. हुशार आहे, नम्र आहे, त्याला ऊनही समजतं. त्यानं स्वतःहून विचारलं. तुला आवडला असता. मला जे इतकी वर्षं हवं होतं ते आयतं समोर आलं होतं. हायवेवर तुझं नाव, आणि त्याच्या मागे आभाळात चढत गेलेली तुझी रेघ. वहिनी एकदा येऊन नकाशांवरची धूळ पदरानं पुसून गेली.

आज सकाळी शेठजी आले. मी म्हटलं, "शेठजी, नकाशे देणार नाही. तुम्ही म्हणालात, त्यांच्या हयातीत राहून गेलं. तो शब्द माझ्या मनातून जाईना. त्यांच्या हातून ते राहून गेलेलं नाही. त्यांना रोज बांधावंसं वाटायचं आणि रोज ते नाही म्हणायचे. हे त्यांनी केलेलं काम आहे. त्यांचं नाव घालून मी ते मोडू देणार नाही. त्या मुलाला त्याचा रोलर कोस्टर त्याच्या नावानं काढू द्या, त्याच्या गोण्यांवर."

शेठजींनी चष्मा काढला. डोळे पुसले. म्हणाले, "मग मी त्यांच्यासाठी करू तरी काय? काहीतरी करू द्या, ताई."

"उन्हाळ्यात बारानंतर गाडी बंद ठेवता ना अजून?"

"ठेवतो. लोक भांडतात. लांबून आलेले असतात, शिव्या देतात. तरी ठेवतो."

"तेच करत राहा."

ते उठले. जाताना वहिनीला नमस्कार केला, मला केला. वहिनी दारापर्यंत गेली, आणि परत येऊन म्हणाली, "म्हणजे शेवटी तुम्ही हरलात, ताई."

मी हरलेले नाही, भाऊ. मला अजूनही वाटतं, तू तो बांधायला हवा होतास. आणखी दोन उन्हाळे गोण्या फिरवून, पाहिजे तर दहा, पण बांधायला हवा होतास. तुझ्या नव्व्याण्णव चुकांना माझ्याकडे उत्तरं आहेत. काही तर चांगली आहेत, आणि ती ऐकून तू डोकं खाजवलं असतंस. पण समोर तू बसलेला नसताना हा वाद मी जिंकणार नाही.